कंकणद्वीपांच्या निळ्या पाण्यात उतरण्यापूर्वी

दिवाळी आटोपली की दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर प्रवासाचे प्रश्नही येऊ लागतात. पूर्वी हे प्रश्न काशीयात्रेचे आणि चारधामचे असत. आता त्यांत लक्षद्वीप आणि मालदीव यांची भर पडली आहे. मुले हौसेने तिकिटे काढतात, आजी-आजोबांचा उत्साहही कमी नसतो, आणि मग निघताना कोणीतरी हळूच विचारते, "डॉक्टर, यांना पाण्यात उतरवलं तर चालेल ना?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. वयाचा आकडाही येथे फारसा उपयोगी पडत नाही. सत्तरीतला नियमित चालणारा गृहस्थ पन्नाशीतल्या बैठ्या गृहस्थापेक्षा अधिक समर्थ असू शकतो. खरी गोष्ट अशी, की या प्रवासात समुद्र आपल्या शरीराची तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या प्रकारे परीक्षा घेतो. चालत्या जहाजावर तो आपला तोल पाहतो, नांगरलेल्या होडीवर गुडघे आणि हातांची पकड पाहतो, आणि पाण्यात उतरल्यावर हृदय व फुप्फुसे पाहतो. पहिल्या दोन परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या माणसाला तिसरी झेपेलच असे नाही. आणि तिसरी दिली नाही म्हणून प्रवास वाया गेला असेही नाही.

कंकणद्वीपाची रचना

समुद्रातील प्रवाळ, म्हणजे पोवळ्यांचे सूक्ष्म जीव, चुन्याची घरे बांधतात. पिढ्यान्पिढ्यांच्या या बांधकामातून समुद्रात एक वलय उभे राहते. वलयाच्या आत उथळ, शांत, फिकट निळे पाणी आणि बाहेर एकाएकी खोल होत जाणारा गडद समुद्र, अशी ही रचना असते. आतल्या पाण्याला शास्त्रीय मराठीत खारकच्छ म्हणतात. बोलण्यात 'लगून' हाच शब्द रुळला आहे. वलयाला आपण कंकणद्वीप म्हणतो. इंग्रजीतला 'ॲटॉल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतून तिकडे गेला. त्याच भाषेची महल नावाची बोली लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आजही बोलली जाते.

बुडत्या ज्वालामुखीच्या काठाने प्रवाळ वर वाढत राहतात आणि शेवटी डोंगर नाहीसा होऊन नुसते वलय उरते, असा तर्क चार्ल्स डार्विनने १८४२ साली आपल्या ग्रंथात मांडला होता. पुढे १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल छिद्रे पाडली गेली, तेव्हा १२०० मीटरहून अधिक जाडीच्या प्रवाळी चुनखडकाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत. सर्वांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. वस्ती १० बेटांवर आहे. कोचीपासून ही बेटे सुमारे २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. बहुतेक बेटे वलयाच्या पूर्वेकडील कडेवर आहेत आणि लगून पश्चिमेला. त्यामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा आधी पश्चिमेकडील प्रवाळभित्तीवर आपटतात, आणि बेटापर्यंत त्यांचा जोर ओसरलेला असतो. वयस्क प्रवाशाने ही रचना नीट ध्यानात ठेवावी. भित्तीच्या आतला समुद्र आणि बाहेरचा समुद्र यांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत. आपल्याला जे काही पाहायचे आहे, ते आतच पाहावे.

चालत्या जहाजावर

कोचीहून बेटांपर्यंतचा जहाजप्रवास साधारण एका रात्रीचा असतो. ऑक्टोबर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात शांत काळ. पावसाळ्यात या समुद्राच्या वाटेला जाऊ नये. तरीही अनेकांना बोट लागते. आतल्या कानातील तोलाचे इंद्रिय सांगते 'आपण हलत आहोत' आणि केबिनच्या भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात 'आपण स्थिर आहोत'. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून जहाजाच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील जागा घ्यावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. उघड्यावर बसून क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. मऊ भात किंवा कोरडा टोस्ट पुरे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते.

मळमळीच्या गोळ्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते आणि तोल जातो. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते. काचबिंदूच्या विशिष्ट प्रकारात डोळ्यांतील दाब वाढू शकतो. विसराळूपणा असलेल्या वृद्धांचा गोंधळ वाढतो. सिनॅरिझीन या औषधाने कंपवाताची लक्षणे बळावतात. शेजारच्या प्रवाशाने प्रेमाने देऊ केलेली गोळी म्हणूनच घेऊ नये. कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि ती घरी एकदा घेऊन पाहावी.

उलट्या सुरू झाल्या तर रोजच्या औषधांचाही विचार करावा लागतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण पोटात टिकले नाही, तर साखर धोकादायकरीत्या खाली येते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी शरीर आणखी कोरडे करते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी उलट्या होत असताना ती चालू ठेवली, तर रक्तातील आम्ल वाढण्याचा संभव असतो. 'उलट्या झाल्या तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चुकवायची नाही' अशी चार ओळींची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घेऊन ती औषधांच्या डबीत ठेवावी.

जहाजावर रात्री स्वच्छतागृहात जाताना अनेकांचा अपघात होतो. दारांचे उंबरे उंच असतात आणि फरशी ओली असते. एक हात सदैव कठड्यासाठी मोकळा ठेवावा. उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसावे. सपाट रबरी तळाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला घालाव्यात.

नांगर पडल्यावर

अनेक बेटांपाशी मोठे जहाज लगूनमध्ये येऊ शकत नाही. ते भित्तीबाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान यांत्रिक होड्यांत उतरवून घेतात. जहाज स्थिर दिसते, होडी मात्र वर-खाली होत असते. वयस्कांसाठी साऱ्या प्रवासातला हा सर्वांत कठीण क्षण. खलाशी अनुभवी असतात, त्यांचे ऐकावे. होडी लाटेवर वर आली की ते सांगतील, तेव्हाच पाऊल टाकावे. हातात पिशवी, काठी, मोबाइल काहीही नको. ते मागून येईल. लाज न बाळगता खलाशाचा हात मनगटापाशी धरावा. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, किंवा आधाराशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्यांनी, विमानाने अगत्तीला जाण्याचा पर्याय आधी पाहावा.

प्रवाळ पाहायला नेणारी होडी लगूनमध्ये नांगर टाकते. नांगर वाळूत पडला पाहिजे; प्रवाळावर पडला तर दशकानुदशके वाढलेली वसाहत एका क्षणात मोडते. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. चांगला नावाडी वाळूचा पांढरा पट्टा शोधतो, किंवा आधीच बांधलेल्या तरंगत्या पिंपाला दोर लावतो.

नांगरलेली होडी एका जागी खिळून राहते, असा आपला समज असतो. तो खरा नाही. नांगराची पकड बसण्यासाठी दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडतात. चार मीटर पाणी असेल तर दोर वीस-पंचवीस मीटर. वारा फिरला की होडी या दोराच्या टोकाशी वर्तुळाकार सरकते. पाण्यात तोंड घालून अर्धा तास मासे पाहणाऱ्या माणसाने मान वर केली, तर होडी जिथे होती तिथे नसते. चष्मा काढलेला, श्रवणयंत्र काढलेले, दम लागलेला. अशा वेळी होणारी घबराट फार वाईट. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी मान वर करून होडी पाहावी. प्रवाह असेल तर जाताना त्याच्याविरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतताना त्याची मदत होते. ओहोटीच्या वेळी लगूनमधील पाणी भित्तीच्या खिंडींतून बाहेर ओढले जाते. तशा खिंडीजवळ कधीही उतरू नये. आणि होडीला पाण्यापर्यंत पोहोचणारी पक्की शिडी आहे का, हे उतरण्यापूर्वीच विचारावे. वर कसे चढणार हे ठरल्याशिवाय खाली उतरू नये.

शिडाच्या होडीचाही मोह होतो. लक्षद्वीपचे लोक 'ओडम' नावाच्या शिडाच्या गलबतांतून काथ्या आणि खोबरे मलबारच्या किनाऱ्यावर नेत असत; त्या परंपरेच्या समुद्रात शीड उभारलेले पाहणे आनंदाचे आहे. हल्लीच्या सहलीच्या लहान होडीत मात्र वारा बदलला की शिडाच्या तळाचा आडवा वासा झपकन दुसऱ्या बाजूला येतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांच्या डोक्याला असा मार बसला, तर बाहेर जखम न दिसताही आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी नावाडी सांगेल तेथे, डोके खाली ठेवून बसावे. डोक्याला मार लागलाच, तर 'काही झालं नाही' म्हणून सोडून देऊ नये.

पाण्यात शरीराचे काय होते

तोंडावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासनळी, आणि पृष्ठभागावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे म्हणजे स्नॉर्केलिंग. हा खेळ सोपा वाटतो, कारण त्यात हातपाय फार मारावे लागत नाहीत. शरीराच्या आत मात्र बरेच काही घडत असते.

पाण्यात शिरताच बाहेरचा दाब पायांतील आणि पोटातील रक्त छातीकडे ढकलतो. सुमारे अर्धा लिटर अधिक रक्त हृदयाकडे येते. निरोगी हृदय ते सहज पुढे ढकलते. भिंती जाड झालेले, दीर्घकाळ रक्तदाब सोसलेले हृदय अडखळते. त्यातच अरुंद नळीतून जोराने श्वास ओढावा लागला, तर फुप्फुसांत ओढ निर्माण होते आणि रक्तातील द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपू लागतो. समुद्राचे पाणी नाकातोंडात न जाताही माणसाची फुप्फुसे अशी भरू शकतात. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना मृत्यू पावलेल्या पर्यटकांत मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुष मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तेथील अभ्यासकांनी या कारणाकडे विशेष लक्ष वेधले. अशा घटनांत आरडाओरडा, हात मारणे बहुधा दिसत नाही. माणूस शांतपणे तरंगत असतो आणि काठावरच्यांना वाटते, तो मासे पाहतो आहे.

म्हणून ही चिन्हे पाठ करावीत: श्रमाच्या मानाने जास्त दम लागणे, अकारण खोकला, छातीत जडपणा, हातपाय एकाएकी गळणे, विनाकारण घबराट. यांपैकी एकही जाणवले, तर 'थोडं थांबून बघू' असे म्हणू नये. नळी तोंडातून काढावी, शक्य असेल तर उभे राहावे, नाहीतर पाठीवर उलटून तरंगावे, हात वर करावा आणि बाहेर यावे. बाहेर आल्यावर दम लागलेल्या माणसाला आडवे न करता टेकून बसवावे आणि प्राणवायू मिळेल अशी व्यवस्था करावी. श्वास थांबलेला असेल, तर मदत येईपर्यंत छातीदाब आणि तोंडाने श्वास देणे, दोन्ही करावे. बुडालेल्या माणसाला नुसता छातीदाब पुरत नाही.

बाहेर येण्याचा क्षणही जपावा. पाण्यात असताना मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात, आणि तहान मात्र जाणवत नाही. शिडी चढताच पाण्याचा आधार जातो, रक्त पुन्हा पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा रक्तदाबासाठी प्राझोसिन घेणाऱ्यांना हे अधिक होते. शिडीवर सावकाश चढावे आणि वर येताच खाली बसावे.

कोणी उतरावे, कोणी उतरू नये

न थांबता, न धापता दोन जिने चढता येतात का, आणि वीस मिनिटे भरभर चालता येते का, ही माझी घरगुती कसोटी. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी पाण्यात उतरू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले किंवा स्टेंट बसवलेले, हृदयाची ताकद कमी असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, अनियमित ठोके असणारे, दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार बळावलेले, फिट येणारे, स्मृतिभ्रंश असलेले, आणि साखर वारंवार खाली जाणारे, या सर्वांनी आपल्या डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय उतरू नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

उतरणाऱ्यांनी काही लहान गोष्टी पाळाव्यात. सैल किंवा अर्धवट कवळी काढून ठेवावी. नळीचे टोक दातांत धरताना ती सुटून घशात जाऊ शकते. संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा वृद्धांनी टाळावा, असे माझे मत आहे. अडचण आल्यास तो चटकन निघत नाही. लाईफ जॅकेट घालावे, पोहता येत असले तरीही. पहिला प्रयोग कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर उभे राहून करावा. दहा-पंधरा मिनिटांनी विश्रांती घ्यावी. आदल्या रात्री प्रवासाने झोप झाली नसेल, तर तो दिवस काठावर घालवावा.

मधुमेह्यांनी पायांना विशेष जपावे. बधिर तळव्यांना दुपारच्या वाळूचा चटका कळत नाही आणि प्रवाळाचा ओरखडाही कळत नाही. पाण्यातही रबरी बूट घालावेत. ओरखडा आल्यास गोड्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा, चुन्याचे कण काढावेत, आणि लाली किंवा सूज वाढू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्रवाळावर उभे राहूच नये; त्यात आपल्या पायाचे हित आहे आणि प्रवाळाचेही. समुद्र तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांचा रंग उडाला होता, वसाहतीच्या वसाहती मेल्या होत्या. जे उरले आहेत, त्यांना आपले वजन सोसण्याची ताकद नाही.

सोबत्याचे काम

वृद्धाबरोबर पाण्यात उतरणाऱ्याने मासे पाहू नयेत, माणूस पाहावा. हाताच्या अंतरावर राहावे. श्रवणयंत्र काढलेले असल्याने हाका ऐकू येणार नाहीत. म्हणून 'ठीक आहे', 'थांबा' आणि 'बाहेर चला' यांच्या हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. दर मिनिटाला खूण करावी. उत्तर आले नाही तर लगेच उलटे करून चेहरा पाहावा. मुलानातवंडांवर लक्ष ठेवणारा आणि आजोबांवर लक्ष ठेवणारा, हे दोन वेगळे माणूस असावेत.

औषधे दुप्पट घ्यावीत, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत. इन्सुलिन थंड पिशवीत, पण बर्फाला चिकटून नको. बेटांवर रुग्णालये आहेत, परंतु हृदयाची मोठी शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टीसाठी मुख्य भूमीवरच यावे लागते. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवतात, आणि तेही हवामान अनुकूल असेल तर. मुंबई-पुण्यात जे दुखणे तासाभरात आटोक्यात येते, त्याला तेथे कित्येक तास लागू शकतात. नवी छातीदुखी, नवा दम, पायांवर नवी सूज असेल, तर प्रवास पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

जे उतरणार नाहीत, त्यांच्यासाठी तळाला काच बसवलेली होडी असते. तिच्यात बसून तेच प्रवाळ, तेच पोपटमासे, तीच समुद्रकासवे दिसतात, आणि चष्माही नाकावर राहतो. सकाळच्या भरतीला घोटाभर पाण्यात वाळूवर उभे राहिले, तरी पायांभोवती लहान मासे फिरतात. घरातल्या वयस्करांनी "मी काठावर बसतो" असे म्हटले, तर त्यांना आग्रह करू नये. आणि त्यांनी "मला उतरायचंय" असे म्हटले, तर नुसत्या भीतीपोटी अडवूही नये. दोन जिने चढून पाहा, डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, कमरेएवढ्या पाण्यात हात धरा, आणि मग ठरवा.